व्हर्नाच्या सोळा बादल्या

पास्टर म्हणाले, व्हर्ना मवाळ होती. शवपेटीशेजारी उभं राहून कागदावरून वाचून म्हणाले. मवाळ, शांत, आणि तिला मासे पाळायची आवड होती. एवढंच. ब्याऐंशी वर्षं जगलेल्या बाईचं एवढंच.

मी पहिल्या बाकावर होतो. मी क्लेम, तिचा धाकटा भाऊ. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं, पण मी बसूनच राहिलो. म्हणून आता टाइप करतोय, एका बोटाने. शाळा मी बाराव्या वर्षी सोडली आणि पुढे चाळीस वर्षं रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवला, तेव्हा चुका असतील. असू देत. पण तो मवाळ शब्द मी तसाच राहू देणार नाही.

तर आधी मासे. ते दुकानातले नव्हते. आमच्या सॉल्टवेलपासून अर्ध्या तासावर बोल्टरचं तळं आहे, त्यातले. बोटाएवढा मासा, अंगावर जांभळे ठिपके, तोंड कायम रुसलेलं. पोहायचा कंटाळा, दगडाखाली बसून राहणार. लहानपणी आम्ही ते धरायचो आणि परत सोडायचो, खायच्या कामाचे नव्हते. दुष्काळाचं तिसरं वर्ष आलं आणि तळ्याचं डबकं झालं. व्हर्ना म्हणली, "क्लेम, गाडी काढ."

"कशाला?"

"विचारू नकोस. बादल्या घे."

तिने आपले नायलॉनचे लांब मोजे तारेच्या हँगरवर ताणून जाळी केली होती. एकाहत्तर वर्षांची बाई मांडीपर्यंत चिखलात उतरली. मी काठावर बादली धरून, आणि ती एकेक मासा त्या मोज्यात उचलून मला देतेय. कुंपणापलीकडून एक शेतकरी ओरडला, "काय गं व्हर्ना, परवानगी काढलीस का?"

"कुणाकडून काढू? चिखलाकडून?"

एकतीस मासे निघाले. पंधरा दिवसांत तळ्याला भेगा पडल्या. मग त्या जातीचे आमच्या भागातले एकतीसच उरले, ते सगळे व्हर्नाच्या बैठकीत, चार फुटी फिश टँकमध्ये. टीव्ही होता तिथे टँक आला आणि टीव्ही जमिनीवर गेला. मी म्हणलो, "मान खाली घालून फुटबॉल बघायचा का आता?" ती म्हणली, "तुझी मान तशीही खालीच असते."

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं मासे म्हणजे चिमूटभर खाणं टाकलं की झालं. रोज सकाळी चहाच्या आधी व्हर्ना काचेच्या छोट्या नळीत टँकचं पाणी घ्यायची, त्यात औषधाचे थेंब टाकायची, हलवायची, पाच मिनिटं थांबायची. पाणी पिवळं दिसलं तर ठीक. हिरवं आलं तर अमोनिया. जितकं गडद हिरवं तितका जास्त. मी एकदा विचारलं, हा अमोनिया येतो कुठून? ती म्हणली, "ते जिथे मुततात तिथेच श्वास घेतात, क्लेम. तू तुझी खोली बंद करून आठवडाभर तसं करून बघ, मग मला विचार पाणी का बदलते."

फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते हा अमोनिया खातात. म्हणून तो स्पंज कधी नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. मी एकदाच नळाकडे नेला. "क्लेम, त्या नळाला हात लावलास तर तो हात माझ्या घरात परत जेवायला येणार नाही." मवाळ म्हणे.

आणि दर रविवारी चर्चवरून आलं की चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढं नवं घालायचं. काढलेलं पाणी लिंबाच्या झाडाला. दुष्काळात बागेला पाणी घालायची बंदी होती आणि गावात तिचं एकच झाड हिरवं, तेव्हा कुणीतरी चुगली केलीच. तपासनीस आला. तिने त्याला हाताला धरून टँकपाशी नेलं आणि म्हणली, "हे यांचं मूत. यावर बंदी असेल तर लेखी दे." बिचारा दोन लिंबं घेऊन गेला.

नवं पाणी कुठून आणायचं हा खरा प्रश्न. तिची पावसाच्या पाण्याची टाकी वाजवली तर रिकाम्या डब्यासारखी वाजायची. मग नळच. त्या वर्षांत प्रत्येकाच्या घरी शॉवरखाली बादली असायची, गरम पाणी येईपर्यंत जे थंड वाहतं ते धरायला. शेजारणी ती बादली व्हर्नाच्या ओट्यावर आणून ठेवायला लागल्या. हिने प्रत्येक बादलीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. एक दिवस पाणी तसंच उघडं ठेवायचं म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, मग ते टँकला चालतं. आमच्याकडचे सगळे मासे पाळणारे तीस वर्षं हेच करत आलेत. कुणी कधी पुस्तक बघायला गेलं नाही, कशाला जाईल? शनिवारी संध्याकाळी ओट्यावर अकरा बारा बादल्या रांगेत उभ्या, नावासकट. व्हर्ना त्यांच्याकडे बघून म्हणायची, "बघ, सगळं गाव माझ्या माशांना पाणी पाजतंय."

मार्चमध्ये पहिला मासा मेला. म्हातारा असेल म्हणलं. दुसऱ्या दिवशी दोन. बाकीचे दगडाखालून वर येऊन पाण्याच्या तोंडाशी आ वासून उभे, जे हे मासे कधी करत नाहीत. नळी हिरवी आली. व्हर्नाने लगेच पाणी बदललं. दुसऱ्या सकाळी नळी आणखी हिरवी. तिने खाणं बंद केलं, पुन्हा पाणी बदललं, या वेळी अर्धं. मी घरोघर जाऊन जादा बादल्या मागून आणल्या. आणखी चार मेले. आम्ही जितकं पाणी बदलू तितका अमोनिया वाढतोय. माझं डोकं चालेना. व्हर्ना जेवेना. पाच दिवसांत बारा मासे गेले. ते तिने लिंबाखाली पुरले आणि प्रत्येकावर एकेक खडा ठेवला.

मग त्या गुरुवारी मी गेलो तर ती ओट्यावर गुडघ्यावर बसलेली. समोर बादल्या आणि प्रत्येक बादलीपुढे एक नळी. टँकचं नाही, बादल्यांचं पाणी तिने तपासलं होतं. सगळ्या नळ्या हिरव्या. एकूण एक.

"आपणच घालत होतो, क्लेम," ती म्हणली. "नावं लिहून."

माझ्याकडे बघितलं नाही तिने. मी तिला उठवायला हात दिला तर म्हणली, "मला उठवू नकोस, फोन आण."

पाणी खात्यात एक बाई बोलली, आवाज गोड. मी शेजारी कान लावून होतो.

"पाणी पिण्यासाठी पूर्ण सुरक्षित आहे, बाई."

"मी पिण्याचं विचारलं का? त्यात काय घातलंय ते विचारतेय."

"आम्ही या महिन्यापासून क्लोरीनला अमोनियाची जोड देतोय. लांबच्या पाइपात ते जास्त टिकतं."

"म्हणजे बादलीत ठेवून उडत नाही."

"नाही, ते तसं उडत नाही. ग्राहकांना कळवलं होतं आम्ही."

"कुठे कळवलं?"

"बिलाच्या मागच्या बाजूला, बाई."

व्हर्नाचं बिल फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं, तोंड पुढे. ती उठली, ते काढलं आणि उलटं केलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात होतं. ती फोनमध्ये म्हणली, "माझे बारा मासे लिंबाखाली आहेत. त्यांना तुमचं बिल उलटं करता येत नव्हतं." आणि ठेवून दिला.

यावर औषध असतं, अमोनिया बांधून टाकणारं. शहरातल्या दुकानाने सांगितलं पोस्टाने पाठवतो, आठ दिवस लागतील. आठ दिवस त्या पाण्यात ते एकोणीस मासे टिकणार नव्हते. पाणी बदलल्याशिवाय भागणार नाही आणि बदलायला पाणी नाही. गावात नळाचं नसलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं, चर्चच्या हॉलमागच्या टाकीत. पावसाचं, गुडघाभर उरलेलं. ते चहाचं पाणी. नळाच्या पाण्याचा चहा आमच्याकडे शत्रूला पण देत नाहीत. त्या टाकीतल्या पाण्याने कपसुद्धा विसळायचा नाही, फक्त चहा. तोटीला कुलूप, आणि त्याची किल्ली महिला मंडळाच्या मिसेस नॉस्के यांच्याकडे. हिल्डा नॉस्के. व्हर्नाच्याच वर्गातली, पण आम्ही कुणीच तिला हिल्डा म्हणत नाही.

त्यातून तीन आठवड्यांवर चर्चला सव्वाशे वर्षं होणार होती. दोनशे पाहुणे.

मंडळाच्या बैठकीला मी खुर्च्या मांडायला होतो, म्हणून हे मला माहीत. व्हर्ना उभी राहिली. "मला रोज दोन बादल्या हव्यात. आठ दिवस. सोळा बादल्या. बस."

मिसेस नॉस्के म्हणल्या, "माशांसाठी?"

"माशांसाठी."

"आज तुझे मासे, उद्या लीओनीचे गुलाब, परवा कुणाची गाडी धुवायची. आणि सव्वाशे वर्षांच्या दिवशी मी पाहुण्यांना पाइपाचा चहा पाजू? माझ्या जिवात जीव असेतो नाही."

"पाहुणे पाइपाचा चहा प्यायले तर तोंड वाकडं करतील. माझे मासे प्यायले तर मरतील. आणि तुझ्या पाहुण्यांसारखे आणखी आहेत, हिल्डा. माझ्या माशांसारखे नाहीत."

हिल्डा म्हणल्यावर खोली गारच झाली. मतं घेतली. नऊ विरुद्ध एक, आणि तो एक हात व्हर्नाचा. तीस वर्षं हॉलचा चहा हिने केला होता, त्यामुळे कुलपाची दुसरी किल्ली हिच्याकडे असायची. मिसेस नॉस्के यांनी हात पुढे केला. व्हर्नाने पर्स उघडून किल्ली काढली आणि हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

"किल्ली तुझी," म्हणली. "पाऊस कुणाच्या एकट्याचा नाही, माझ्या बापाच्या छपरावर पण पडत होता."

मला वाटलं संपलं. घरी जाऊन रडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दारात हॉर्न. व्हर्ना, चर्चचा निळा ड्रेस, टोपी, पांढरे हातमोजे. गाडीत माझी शिडी, तिने आदल्या संध्याकाळी मला न विचारता माझ्या शेडमधून नेलेली. शिवाय दोर आणि दोन बादल्या.

"व्हर्ना, हे नीट दिसत नाही. अंधार पडल्यावर तरी जाऊ."

"अंधारात चोर जातात. मी उजेडात जाणार, बाजाराच्या दिवशी."

मी शिडी धरली. दुसरं काय करणार? ती पायरी पायरीने चढली, टाकीच्या डोक्यावरची जाळी काढली, बादलीला दोर बांधून आत सोडली आणि विहिरीतून ओढावं तसं पाणी ओढलं. मी खाली शिडीवर सगळं वजन टाकून उभा. पहिली बादली खाली आली. दुसरी येईपर्यंत पोस्टाबाहेर सात आठ माणसं जमली आणि मिसेस नॉस्के रस्ता ओलांडून आल्या.

"खाली उतर, व्हर्ना."

"उतरतेच आहे. उद्या परत चढणार आहे."

"मंडळाने नाही म्हणलंय."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले."

"तुझ्यावर तक्रार करीन."

"कर. नाव नीट लिही. आणि क्लेमचं लिहू नकोस, त्याने फक्त शिडी धरलीय, त्याला तेवढंच येतं."

लोक हसले. मिसेस नॉस्के हसल्या नाहीत. पण त्यांनी शिडीला हात लावला नाही आणि बादलीलाही नाही. हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलंय.

घरी आल्यावर लगेच ओतलं नाही हो. पावसाचं पाणी मऊ असतं, आमचं नळाचं दगडासारखं जड. एकदम बदल झाला तर तोही धक्का. तिने बादली टँकपेक्षा उंच ठेवली, बारीक रबरी पाइप सोडला, त्याला गाठ मारली, आणि थेंब थेंब, दिवसभर. व्हर्ना खुर्ची ओढून शेजारी बसली, हातमोजे काढायचे विसरली. दुसऱ्या सकाळी नळी हिरवीच, पण फिकी. तिसऱ्या सकाळी आम्ही दोघं खिडकीपाशी धरून भांडलो, ती म्हणतेय अजून हिरवी, मी म्हणतोय पिवळी. एकही मासा मेला नव्हता.

रोज नऊ वाजता शिडी. रोज मिसेस नॉस्के समोरच्या फुटपाथवर हात बांधून उभ्या. चौथ्या दिवशी वारा फार होता, शिडी हलायला लागली. त्या आल्या आणि त्यांनी शिडीची दुसरी बाजू धरली. व्हर्नाने वरून बघितलं. "तू मला थांबवायला धरलीस का पडू नये म्हणून?"

"तू इथे पडलीस तर चर्चच्या विम्याचा हप्ता वाढेल."

"मग घट्ट धर."

किल्ली मात्र त्यांनी दिली नाही आणि व्हर्नाने मागितली पण नाही. आठ दिवस, सोळा बादल्या, सगळ्या वरून ओढलेल्या. आठव्या दिवशी पोस्टाने औषध आलं. त्यानंतर नळाच्या प्रत्येक बादलीत आधी औषध, मग टँक. बादल्यांवरची नावं तिने काढली नाहीत. ज्यांनी पाणी दिलं त्यांचा दोष नाही म्हणली.

एकोणीसचे एकोणीस राहिले. सव्वाशे वर्षांच्या समारंभाआधी एका नराने दगडाखाली अंडी राखायला घेतली. शेपटीने वारा घालत बसायचा, जेवणखाण सोडून, कुणी जवळ आलं की तोंड वासून अंगावर यायचा. व्हर्ना म्हणली, "बघ, याला कुणी मवाळ म्हणेल का?" शब्दशः हेच म्हणली. मला आठवतं म्हणून तर त्या पास्टरांचं बोलणं इतकं लागलं.

समारंभाला मंडळाने तिचं नाव चहाच्या यादीतून काढलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती घरी बसेल असं त्यांना वाटलं. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, तोच निळा ड्रेस. टाकीतलं पाणी सगळ्यांना पुरलं. तिने तीन कप चहा घेतला, आणि चौथ्यासाठी कप पुढे करून मोठ्याने म्हणली, "हिल्डा, चहा छान झालाय. पाणी कुठलं?"

नंतर तीन वर्षांनी पाऊस झाला, तळं भरलं, आणि वन्यजीववाले मासे मागायला आले. तोवर तिच्याकडे तीन टँक झाले होते, आता तिच्या घरी मी झोपतो त्या खोलीतपण एक. तिने चाळीस पिल्लं दिली. ते म्हणले सगळीच द्या, आता तळं आहे. "तळं मागेही होतं," ती म्हणली. "अर्धे माझ्याकडे राहतील. तुमच्या तळ्यावर माझा विश्वास नाही आणि तुमच्यावर तर मुळीच नाही." पण पिल्लं सोडायला स्वतः गेली, आणि परत येताना रिकामी बादली मांडीवर घेऊन बसली.

त्या सोळा बादल्यांना आता अकरा वर्षं झाली. या जुलैत ती गेली, रविवारी, पाणी बदलून झाल्यावर. बादली तिने लिंबापाशी ओतलेली होती, रिकामी आडवी पडलेली. खुर्चीत बसली होती. मला वाटलं डोळा लागला.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा होता. पास्टर कप घेऊन माझ्याजवळ आले, चांगले आहेत तसे, आठ महिनेच झालेत त्यांना येऊन. परत तेच, किती मवाळ बाई. मी तोंड उघडतच होतो. शेजारी किटली घेऊन मिसेस नॉस्के उभ्या होत्या, आता त्यांचे हात इतके कापतात की किटली दोन्ही हातांनी धरावी लागते.

"पास्टर," त्या म्हणल्या, "तुम्ही नवीन आहात."

मग माझ्या कपात ओतता ओतता, माझ्याकडे न बघता, "माशांचं काय करणार?"

"रविवारी पाणी बदलणार."

"तुला येतं?"

"शिडी धरण्यापेक्षा जास्त येतं आता."

पुतण्या म्हणतो चौऱ्याहत्तरीच्या माणसाने बादल्या उचलू नयेत, टँक प्राणिसंग्रहालयाला देऊन टाक. फोनवर म्हणतो, रोज म्हणतो. मी त्याला सांगितलं, तुझा फोन आणि मासे यातलं एक ठेवायचं झालं तर विचार करून बोल.

काल रविवार होता. सकाळी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो, तिच्या खुर्चीत. पिवळं. दारात हॉर्न झाला म्हणून गेलो तर मिसेस नॉस्के यांची गाडी, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या दोन बादल्या, टाकीतलं पाणी, वर ताटली झाकलेली. त्या खाली उतरल्या नाहीत. काच खाली केली.

"मंडळाला विचारलं का?" मी म्हणलो.

"मंडळाला कळवीन," त्या म्हणल्या. "बिलाच्या मागे."

मी दोन्ही बादल्या उचलल्या. एकाच खेपेत.